सतव्यातलं दुकान आणि अख्ख्या शेवया

दुबईहून आल्यापासून कामतघरात जो भेटतो तो एकच विचारतो, "काय कमळाबाय, सोनं किती आणलंस?" अरे बाबांनो, मी सोन्यासाठी गेलेच नव्हते! मी एका बाईचे उपकार मानायला गेले होते. ते कसे मानायचे ते मला ठाऊक नव्हतं, आणि मानायला गेले तर उलटंच काहीतरी करून बसले. पण रस्त्यात उभ्या उभ्या हे सगळं किती जणींना सांगणार? वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, लिहून काढा. म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी शैला तिकडे नर्स आहे. नवराही तिथेच, एका कंपनीत. गेल्या वर्षीची गोष्ट, नव्वदी नुकतीच लागली होती. शैलाला सातव्या महिन्यातच त्रास सुरू झाला आणि बाळ झालं. पोरगी रक्त जाऊन बेशुद्ध, बाळ काचेच्या पेटीत, आणि मी इकडे कामतघरात. पासपोर्ट म्हणजे निळा की लाल तेही मला माहीत नव्हतं. शेजारच्या लूमवाल्या, म्हणजे यंत्रमागवाल्या, शेटजींच्या ऑफिसात फोन यायचा. मी चुलीवरची डाळ तशीच टाकून धावायची, आणि लूमच्या खडखडाटात जावयाचं अर्धं बोलणं ऐकू यायचं नाही. एक नाव मात्र दर वेळी ऐकू यायचं. टेस. "टेस बसलीय बाळाजवळ." "टेसनं ड्युटी संपल्यावर घरी जायचं टाळलं." "टेस गाणं म्हणते बाळाला."

ही टेस फिलिपाईन्सची. शैलाच्याच हॉस्पिटलात, लहान बाळांच्या वॉर्डात नर्स, आणि त्यांच्याच मजल्यावर समोरच्या खोलीत राहणारी. नात्याची ना गोत्याची! जिथे मी बसायला हवं होतं तिथे ती बसली. पोर वाचलं. ओंकार नाव ठेवलं. त्याचा पहिला वाढदिवस आला तेव्हा मी पासपोर्ट करून घेतला आणि ह्यांना म्हटलं, भिस्सी तुम्ही सांभाळा, मी चालले.

भिस्सी म्हणजे आमची खानावळ. लूमवर काम करणारे उत्तर प्रदेशातले भय्ये दोन्ही वेळ माझ्याकडे जेवतात. दिवसपाळीचे वेगळे, रातपाळीचे वेगळे. मला सगळे अम्मा म्हणतात आणि घाबरतात. घाबरायलाच हवं. माझ्याकडे भात, डाळ पोटभर मिळेल. पण सणासुदीला केलेलं गोड एकदाच वाढलं जातं. दुसऱ्यांदा मागायची कुणाची टाप नाही.

सतवा, गुरुवार दुपार

विमानाचं काही सांगत नाही. कानात दडे बसले आणि जेवण अळणी होतं, एवढंच.

टेसला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चाटच पडले. मला वाटलेलं, उंच, गोरी, कडक मेमसाब असेल. ही तर आपल्यासारखीच! बुटकी, सावळी, नाक बसकं, हसली की डोळे गायब. माझा हात धरून तिनं आपल्या कपाळाला लावला. त्यांच्यात मोठ्यांना असा नमस्कार करतात. मग मला "नानाय" म्हणाली. नानाय म्हणजे आई. भारतातल्या नर्सांबरोबर राहून तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, माझंही हिंदी भय्यांकडून शिकलेलं. आमचं दोघींचं मस्त जमलं. पण आभाराचं जे बोलायचं होतं ते काही तोंडातून बाहेर येईना. विमानात भाषण पाठ केलं होतं, ते पार विसरले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी पार्टी होती. टेस म्हणाली, "नानाय, कल एक चीज मैं बनाएगा. ओंकार के लिए. उसका सामान लेने चलो." शैला बाळाला घेऊन निघाली आणि आम्ही दुबईतल्या सतवा नावाच्या वस्तीत बाजाराला गेलो.

एका गल्लीत फिलिपिनो लोकांचं वाणसामानाचं दुकान होतं. दार उघडलं आणि मी दारातच थबकले. वास कसला, तर सुक्या मासळीचा! आमच्याकडे तीन बत्तीच्या बाजारात सुकटवाल्या बायका बसतात, तिथून चालताना येतो तोच. मला एकदम बरं वाटलं. आल्यापासून सगळीकडे अत्तराचा आणि एसीचा वास घेऊन नाक कंटाळलं होतं. शैला नाकाला रुमाल लावायला गेली तशी मी तिच्या हातावर चापट मारली. "सुकटीवर वाढलीस तू! नाक काय मुरडतेस?"

दुकान अरुंद, फळ्या छतापर्यंत. सिरक्याच्या बाटल्या, काळ्या सॉसच्या बाटल्या, नारळाच्या दुधाचे डबे. डब्यात नारळाचं दूध! आम्ही नारळ खवून, वाटून, पिळून हात दुखवून घेतो आणि हे लोक डबा फोडून मोकळे. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात मुरवून बरणीत भरलेली होती. मी बरणी उघडायला लावली, वास घेतला आणि म्हटलं, हे आमच्या घरात चालेल. केळीच्या पानात बांधलेल्या पुरचुंड्या होत्या. आत चिकट भात. केळीचं पान दुबईत कुठून आणतात ते देव जाणे.

दुकानाची मालकीण लिंडा. साठीची, कानात मोठ्या रिंगा, आवाज माझ्यासारखाच. सगळे तिला "आते लिंडा" म्हणत होते. त्यांच्यात आते म्हणजे मोठी बहीण. तिनं ओंकारला शैलाच्या कडेवरून सरळ ओढून घेतलं, गल्ल्यावर बसवलं आणि त्याच्या हातात बिस्किट दिलं. टेसनं तिला ह्या बाळाची सगळी हकीगत आधीच सांगितलेली होती. पेटीत होतं तेव्हा दुकानातले सगळे त्याच्यासाठी मेणबत्ती लावायचे, हे मला तिथे कळलं. आता बोला! मी ह्या लोकांची नावंसुद्धा ऐकली नव्हती.

टेसनं सामान घेतलं. कोबी, गाजर, कोळंबी, लसूण, छोटी छोटी हिरवी लिंबं. आणि शेवयांची पाकिटं. तांदळाच्या, पांढऱ्या, केसासारख्या बारीक, लांबच लांब, घडी घालून ठेवलेल्या. आते लिंडा म्हणाली, एवढीच उरलीत, पुढचा माल जहाजातून यायचाय. टेसनं ती सगळी घेतली. बाकीचं सामान पिशवीत गेलं, पण शेवया काही तिनं पिशवीत टाकल्या नाहीत. छातीशी धरून चालली. मी चिडवलं, "सोन्याच्या हायत का गं?" ती नुसती हसली.

दुकानाच्या मागच्या बाजूला चार टेबलं होती. काचेमागे ट्रे मांडलेले. बोट दाखवायचं, ते ताटात वाढून देतात. मेन्यू नाही, काही नाही. मला ही पद्धत फार आवडली. मी बोट दाखवत सुटले. माशाचं आंबट सार घेतलं. त्यात चिंच, मुळा, वांगं, भेंडी, सगळं एकाच भांड्यात नांदत होतं. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. अगं बाई! तिखट नाही म्हणून जरा हिरमुसले, पण आंबटपणा अगदी माझ्या आईच्या हातचा. मी पर्समधून हिरवी मिरची काढली. हो, मी मिरच्या बाळगते, त्यात हसण्यासारखं काही नाही. आते लिंडानं माझी मिरची बघितली, एक उचलली, चावली आणि पाण्याची आख्खी बाटली रिकामी केली. त्यानंतर आमची मैत्री पक्की झाली.

चिकट भात, नारळाचं दूध आणि गुळासारखी काळी साखर घालून केलेली वडी होती. थेट आपला नारळीभात! "वेलची विसरली बाय," मी शैलाला म्हटलं. शैला म्हणाली, "आई, त्यांच्यात घालत न्हाय." मी म्हटलं, म्हणजे विसरलीच ना?

आम्ही जेवत होतो आणि दुकानात कुणीही आलं की आते लिंडा ओरडायची, "काइन!" म्हणजे जेवायला या. येणारा मीठ घ्यायला आलेला असो नाही तर साबण. आमच्या गावाकडेही ओटीवर जेवायला बसलं की वाटेनं जाणाऱ्याला "या जेवाला" म्हणतात. हल्ली कामतघरात दार लावून जेवतात.

जेवता जेवता टेसनं विचारलं, "नानाय, आपके घर में कितना आदमी खाता?" मी ऐटीत भिस्सीचं सांगितलं. मोठाली पातेली, दोन पाळ्या, सगळे घरापासून लांब आलेले, बायकापोरं गावाला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "उनका बच्चा का बर्थडे होता, तब आप क्या बनाता?"

मला हसूच आलं. म्हटलं, अगं, भय्यांच्या पोरांचा वाढदिवस मला काय ठाऊक? ते गावाला, हे इथं.  टेस ओंकारच्या तोंडाला लागलेला भात पुसत राहिली. वाटेत शैलानं हळूच सांगितलं की टेसला एक मुलगी आहे. ती तिकडे आजीजवळ वाढते. तिला पाळण्यात ठेवून टेस आली आणि एकाही वाढदिवसाला घरी जाऊ शकली नाही. मला माझं ते हसणं आठवलं आणि कसंसंच झालं.

शुक्रवार, शैलाचं स्वयंपाकघर

सकाळी टेसला ड्युटी होती. दुपारी येऊन ती पदार्थ करणार होती. जावई खुर्च्या आणायला गेला, शैला बाळाला निजवत आतल्या खोलीत. मी एकटी मोकळी. आणि मला मोकळं बसवत नाही, हाच तर घोळ आहे.

मनात आलं, बिचारी ड्युटी करून दमून येणार. जिनं माझ्या नातवासाठी एवढं केलं, तिचं थोडं काम आपण हलकं करावं. कोबी चिरला, गाजर किसलं, कोळंबी सोलली. मग शेवयांची पाकिटं घेतली, परात घेतली आणि मांडी घालून मोडायला बसले.

शेवया मोडायच्या असतात, ह्यात विचारायचं काय? भाजायच्या आधी मोडायच्या, बोटाच्या पेराएवढ्या. लांब ठेवल्या तर डावात येत नाहीत, वाटीत मावत नाहीत, भय्यांच्या मिशांना चिकटतात. माझे हात इतके सवयीचे की मी तोंडानं गाणं म्हणत होते आणि बोटं कटाकटा मोडत होती. सगळी पाकिटं संपली. एकसारखा, सुंदर, बारीक चुरा. मला माझं फार कौतुक वाटलं. मी घरून हातशेवयांचा डबा खिरीसाठी आणला होता, चैत्रात गच्चीवर खाटेवर वाळवलेल्या, गव्हाच्या. म्हटलं, आधी तिच्या झाल्या, चहा घेऊ, मग माझ्या मोडू.

तेवढ्यात टेस आली. नर्सच्या पांढऱ्या कपड्यातच. मी परात पुढे केली. "देखो, सब तैयार!"

ती परातीकडे बघत राहिली. मग हसली. पण डोळे गायब झाले नाहीत, म्हणून मला काहीतरी खटकलं. "ओके, नानाय. ओके. थँक्यू," म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू राहिला.

शैला बाहेर आली, तिनं परात बघितली आणि कपाळावर हात मारला. "आई! काय केलंस हे?"

"काय केलं? मोडल्या."

"आई, त्यांच्यात वाढदिवसाच्या शेवया मोडत न्हाईत गं! अख्ख्या शिजवायच्या, अख्ख्या खायच्या. जेवढी लांब शेवई, तेवढं लांब आयुष्य. म्हणून तर ती काल छातीशी धरून चालली व्हती. ओंकार पेटीत व्हता तवा तिनं बोलून ठेवलेलं, हा एक वर्षाचा होऊ दे, मी ह्याला अख्ख्या शेवया करून घालीन."

 ज्या पोराचं आयुष्य त्या बाईनं रात्र रात्र जागून धरून ठेवलं, त्याच्या आयुष्याचे मी त्याची आजी असून पेरापेराएवढे तुकडे केले, तेही गाणं म्हणत! मी तिथंच परातीसमोर बसून रडले. त्यांच्यात शकुन असेल, आपल्यात नसेल, असं मनाला समजावता येईना. आपण औक्षणाचा दिवा विझू देतो का? मग?

शैलानं आते लिंडाला फोन लावला. दुकानात एक पाकीट नाही. दुसरीकडे कुठे नाही. जहाज यायचंय.

टेस बाहेर आली ती डोळे धुऊन. मला रडताना बघून खाली बसली आणि माझाच हात धरून म्हणाली, "नानाय, रोना नहीं. आपको मालूम नहीं था. कोई बात नहीं." पण कोई बात होती, ते तिच्या आवाजात कळत होतं. आभार मानायला आलेली मी, आणि समजूत ती काढत होती. मला स्वतःचा असा राग आला की मी उठून उभी राहिले आणि चहा ठेवावा म्हणून फळीकडे हात केला. तिथं माझा डबा होता.

मी डबा खाली घेतला, झाकण काढलं. शेवया! लांबच लांब, घड्या घालून, साड्यांच्या मध्ये ठेवून आणलेल्या. कस्टमवाल्यानं डबा उघडायला लावला तेव्हा मी त्याला हात लावू दिला नव्हता. एकही मोडली नव्हती. मी फक्त डबा टेससमोर धरला. तिनं एका शेवईवर बोट ठेवलं, एका घडीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या घडीवर फिरवत नेलं, तरी तिचं टोक सापडेना.

"नानाय," ती म्हणाली, "ये किसने बनाया?"

"मी. माझ्या हातानं." मी मराठीतच बोलले. तिला कळलं.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. ती पाणी उकळायला निघाली, मी अडवलं. गव्हाच्या आहेत, उकळत्या पाण्यात टाकल्या तर लगदा होईल, चाळणीवर वाफवायच्या. तिनं ऐकलं. मी वाफवल्या, तिनं लसूण, कोळंबी, कोबी, काळा सॉस घालून कढई तयार केली आणि शेवया त्यात सोडून दोन मोठ्या चमच्यांनी खालून वर उचलत परतल्या. एकही तुटू नये म्हणून दोघी श्वास धरून. शैला दारातून बघत होती. म्हणाली, "ऑपरेशन चाललंय जणू."

मोडलेल्या शेवयांचाही तसाच पदार्थ केला, टाकायच्या थोड्याच? संध्याकाळी आते लिंडा दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं घेऊन आली, ट्रे भरभरून घेऊन आली. तिला झाला प्रकार कळला तशी खो खो हसली. तिनं मोडक्या शेवयांची थाळी आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, "मेरे को ये दो. मैं बहुत जी लिया!"

ओंकारला पाटावर बसवून मी ओवाळलं. टेसनं एक अख्खी शेवई त्याच्या ओठाला लावली. पोरानं तोंड लावलं आणि ओढायला सुरुवात केली.  शेवई हलतेय, वर जातेय, टोक अजून ताटात. मी देवाचं नाव घेत होते, टेस आपल्या देवाचं. सुर्रकन शेवटचं टोक तोंडात गेलं आणि पोर टाळ्या पिटायला लागलं. टेस ढसाढसा रडली. आता डोळे हसून नाही, रडून गायब झाले होते.

मग मी तिला हाताला धरून त्याच पाटावर बसवलं. कुंकू लावलं, ओवाळलं, ओटीत साडी घातली. पाठ केलेलं भाषण तेव्हाही आठवलं नाही. म्हटलं, "पोरी, माझी जागा तू राखलीस." शैलानं ते तिला समजावून सांगितलं. टेसनं माझा हात पुन्हा कपाळाला लावला.

निघताना उरलेला डबा तिच्याजवळ ठेवून आले. तुझ्या लेकीच्या वाढदिवसाला घेऊन जा म्हटलं. पुढल्या खेपेला रजा मिळणार आहे म्हणाली. मिळू दे बाई तिला.

कामतघर

घरी आले तर लूम तशाच खडखडत होत्या, आणि ह्यांनी डाळ करपवून करपवून माझी अर्धी गिऱ्हाइकं दुसऱ्या भिस्सीत घालवली होती. दोन दिवसांत सगळी परत आली.

एका दुपारी दिवसपाळीचे भय्ये जेवायला बसले आणि मी डाव हातात धरून विचारलं, "तुम लोग के बच्चे का जनमदिन कब आता है?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अम्माला दुबईची हवा लागली, असं कुणीतरी पुटपुटलं. शेवटी रामअवध बोलला. हा गेली कित्येक वर्षं माझ्याकडे जेवतो, मान वर करून कधी बोलत नाही. "अम्मा, तारीख तो याद नहीं. आम पकते हैं, तब हुई थी बिटिया."

बाजारात हापूस येऊन पडला होता. दुसऱ्याच दिवशी मी खीर केली. शेवया मोडायला हात आपोआप गेले, मी ते मागे घेतले. अख्ख्या तुपात परतल्या, अख्ख्या दुधात सोडल्या. वाढताना दमछाक झाली. वाटीतून बाहेर लोंबत होत्या, मिशांना चिकटत होत्या. कुरकुर सुरू झाली तशी मी ओरडले, "चुपचाप खाओ! रामअवध की बिटिया का जनमदिन है. तोडना नहीं. जितनी लंबी सेवई, उतनी लंबी उमर."

 एकेक जण खाली मान घालून, हळूहळू, न तोडता खायला लागला. मला कळलं, प्रत्येकजण आपापल्या पोराचं नाव मनात घेत होता.

रामअवधची वाटी सगळ्यात शेवटी रिकामी झाली. तो उठला नाही. माझ्या भिस्सीत गोड दुसऱ्यांदा मागायचं नाही, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं वाटी दोन्ही हातांनी पुढे केली.

"अम्मा, एक बार और मिलेगी? दो बिटिया हैं. छोटी को अभी देखा नहीं."